चारशे सतरा नंबरचा बिल्ला

रविवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी कुलूपवाल्याच्या घराचं मागचं फाटक उघडं सापडलं. कुत्री उंबऱ्यात नव्हती.

एरवी त्या वेळेला ती तिथेच असायची. दारात आडवी पसरायची आणि कुणी ओलांडून गेलं की झोपेतच तेल न मिळालेल्या दारासारखी कुरकुरायची. म्हणून तिचं नाव बिजागरी. घरात आली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती. कुणी भाडेकरू किल्ली परत न देता घर सोडून गेले होते, म्हणून घरमालकाने कुलूपवाल्याला बोलावलं. त्याने कुलूप उघडलं तर आत रिकाम्या खोल्या, आणि दारामागे तीन दिवस उपाशी राहिलेलं हे पिल्लू. या गोष्टीला नऊ वर्षं झाली. ‘दार उघडायला गेलेला माणूस कुत्रं घेऊन आला,’ असं त्याची बायको अजूनही पाहुण्यांना सांगते.

फाटकाची कडी तीन महिन्यांपासून तुटलेली होती. तिच्या जागी सुतळी बांधलेली. शेजारची शिंपीण येता-जाता विचारायची, “काय हो भाऊजी, गावाला कुलपं आणि स्वतःच्या फाटकाला सुतळी?” तो म्हणायचा, “उद्या बसवतो.” शनिवारी संध्याकाळी एका सुताराला दोन डझन कड्या पोचवायच्या होत्या आणि दुकानातली सुतळी संपली होती. त्याने फाटकाची सुतळी सोडली, तिने कड्यांचं पुडकं बांधलं, आणि फाटकाला तात्पुरती एक वीट टेकवून ठेवली. वीट रविवारी सकाळी तिथेच होती. फाटक तिला ढकलून वीतभर उघडलं होतं.

“वीट?” बायको म्हणाली.

“तात्पुरती,” तो म्हणाला.

ती पुढे काही बोलली नाही. तिने चपला घातल्या. एवढ्यावरूनच कुलूपवाल्याला कळलं की परिस्थिती गंभीर आहे. बोलायची संधी सोडणारी बाई नव्हती ती.

घाई कशाची होती ते दोघांनाही माहीत होतं. बिजागरीला चार वर्षांपासून फेफरं यायचं. गोळी सुरू झाल्यापासून झटके थांबले होते. गोळी सकाळी आठ आणि रात्री आठ, दिवस कोणताही असो. ही जबाबदारी कुलूपवाल्याने पहिल्या दिवसापासून स्वतःकडे घेतली होती आणि चार वर्षांत एकदाही चुकवली नव्हती. आठ वाजले की बिजागरी भिंतीतल्या फडताळापुढे जाऊन बसायची, मान वर करायची आणि आपणहून तोंड उघडायची. तो गोळी जिभेच्या मुळाशी ठेवायचा, जबडा मिटायचा, गळ्यावरून दोन बोटं फिरवायचा. संपलं. तिच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, “एखादी चुकली तर निभावेल. लागोपाठ दोन-तीन चुकल्या तर झटका येईल, आणि तो किती मोठा असेल ते मी सांगू शकत नाही.”

कुलूपवाल्याने गोळ्यांची पट्टी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि तो बाहेर पडला.

बायको बाजाराच्या बाजूला गेली, तो एसटी थांब्याच्या बाजूला. त्याने गॅरेजवाल्यांना विचारलं, पेपरवाल्याला विचारलं, बागेतल्या माळ्याला विचारलं. तपकिरी, मध्यम, डावा कान जरा दुमडलेला, गळ्यात पितळी बिल्ला. माळी म्हणाला, “कुत्री पुष्कळ आली बघा सकाळपासून, पण बिल्ल्याकडे कोण बघतो?” बरोबर आठ वाजता कुलूपवाला चौकात उभा होता. त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि हात आपोआप खिशाकडे गेला.

दुपारी दोघं घरी परतली. पाय सुजलेले, घसे बसलेले. बायको म्हणाली, “पालिकेला फोन करा. कुत्र्यांचा विभाग आहे त्यांचा.”

“कशाला? उचलली नसेल तर आता उचलतील.”

“उचलली असेल तर देतील.”

“तिथं गेलेलं कुत्रं परत आलेलं कुणी पाहिलंय?”

“आणि तुम्ही शोधायला गेलेलं कुत्रं परत आलेलं कुणी पाहिलंय?”

तरी फोन त्याने केला नाही. पालिकेच्या त्या विभागात एकच बाई काम करायची. पालिकेचं राखाडी जाकीट, एक व्हॅन, हातात फास लावलेली काठी. गाव तिला पाठीमागे ‘कुत्रेबाई’ म्हणायचं. आठ महिन्यांपूर्वी ती त्याच्या दुकानात एका किल्लीची जोडकिल्ली करून घ्यायला आली होती. किल्ली घासता घासता त्याने विचारलं होतं, “कुठली हो ही? कुत्र्यांना संपवायच्या खोलीची का?” दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली होती. ती हसली नाही, रागावलीही नाही. “औषधांच्या कपाटाची,” म्हणाली आणि किल्ली घेऊन गेली.

आता तिलाच फोन करायचा म्हणजे जीभ उचलत नव्हती.

दुपारी तीन वाजता त्याने दुकानातून नवी कडी आणली आणि फाटकाला बसवली. अकरा मिनिटं लागली. शिंपीण कुंपणापलीकडून बघत होती. तिने तोंडातला दोरा काढला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि पुन्हा दोरा तोंडात घातला. कडी बसवून झाल्यावर कुलूपवाल्याच्या लक्षात आलं की फाटक लावलं तर बिजागरी परत आली तरी तिला आत येता येणार नाही. त्याने फाटक सताड उघडलं आणि तीच वीट लावून ठेवली, या वेळी दुसऱ्या बाजूने.

रात्री आठची गोळीही खिशातच राहिली.

सोमवारी सकाळी साडेसातला बायको कागद आणि जाड पेन घेऊन बसली. ती टपाल कचेरीत पत्रांची वाटणी करायची. अक्षर टपोरं होतं, आणि पत्ता वाचायची सवय अशी की लग्नपत्रिका आली तरी आधी पाकिटाचा पत्ता तपासायची. तिने लिहिलं : हरवली आहे. तपकिरी कुत्री. डावा कान दुमडलेला. फेफऱ्याची गोळी चालू आहे, तातडीने कळवा. गळ्यात पितळी बिल्ला, नंबर ४१७.

पेन थांबलं.

“चारशे सतरा. पुढे?”

“पुढे काय? एवढंच.”

“म्हणजे बिल्ल्याच्या पुढच्या बाजूला नंबर. मागच्या बाजूला फोन असेल ना.”

“मागची बाजू कोरी आहे.”

बायकोने पेनाला टोपण लावलं. “नऊ वर्षं मला वाटत होतं की मागच्या बाजूला लिहिलंय.”

“नऊ वर्षांत उलटून बघितलं नाहीस?”

“तुम्ही बनवलाय म्हणून बघितलं नाही.”

त्याने समजावून सांगायला सुरुवात केली. किल्लीवर नाव-पत्ता घालायचा नाही, हे त्याला वस्तादाने वयाच्या सोळाव्या वर्षी शिकवलं होतं. किल्ली हरवली आणि तिच्यावर पत्ता असला तर सापडणाऱ्याला घरही सापडतं. म्हणून किल्लीवर फक्त नंबर ठोकायचा आणि नंबरापुढचं नाव दुकानातल्या वहीत. वही कुलपात. चाळीस वर्षं त्याने एकाही किल्लीवर पत्ता घातला नव्हता. बिजागरीचा बिल्ला बनवला तेव्हा हात त्याच वळणावर गेला. वहीत लिहिलं : ४१७, बिजागरी, घरची. नंतर पालिकेच्या दोन नोटिसा आल्या होत्या, कुत्र्याची नोंदणी करा, मानेत चिप बसवून घ्या, म्हणून. त्या त्याने किल्ल्यांच्या डब्याखाली सारल्या होत्या. ‘नंबर मी घातलाय की,’ असं त्या वेळी तो म्हणाला होता.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे ती कुणाला सापडली, तर त्याने आधी तुमचं दुकान ओळखायचं, मग कुलूप काढायचं, वही उघडायची, आणि मग आपल्याला सांगायला यायचं?”

कुलूपवाला खिशात दुकानाची किल्ली चाचपू लागला.

“आमच्याकडे बिनपत्त्याचं पाकीट आलं ना,” ती उठत म्हणाली, “तर त्याला वेगळा खण आहे. तिथून पुढे कुठं जातं ते मलाही माहीत नाही.” तिने कागद पुढे ओढला आणि जाहिरातीखाली तीन वेळा फोन नंबर लिहिला.

सोमवारी बाजार बंद असतो. तरीही सव्वाआठला त्याने दुकान उघडलं. त्या नंबराचा जगात एकच पत्ता होता, आणि तो त्याच्या गल्ल्याच्या खणात होता. निदान तिथे माणूस तरी हजर असावा, एवढंच त्याला सुचलं. त्याने वही काढून समोर ठेवली आणि रस्त्याकडे बघत बसला. कुणी आलं नाही.

दहा वाजून वीस मिनिटांनी टपाल कचेरीतून बायकोचा फोन. “केलात का?”

“करतो.”

“अहो, आता तिसरी गोळी चुकली. लाज वाटत असेल तर मी करते.”

“करतो म्हणालो ना.”

दहा सव्वीसला त्याने पालिकेचा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. बंद झाली. त्याने पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. “बघ,” त्याने बायकोला कळवलं, “सरकारी फोन. कुणी उचलत नाही.” आणि असं म्हणताना, त्याने नंतर स्वतःच कबूल केलं, त्याला थोडं बरं वाटलं होतं.

अकरा वाजून पाच मिनिटांनी राखाडी व्हॅन दुकानासमोर थांबली. कुत्रेबाई उतरली. गाडीचं इंजिन तिने चालूच ठेवलं होतं.

“चारशे सतरा तुमचा का?”

कुलूपवाला उभा राहिला. त्याने वही उचलून तिच्यासमोर धरली.

“वही नको. कुत्री गाडीत आहे. गोळी कुठली?”

त्याने खिशातून पट्टी काढली. तिने नाव वाचलं, ताकद वाचली.

“दिवसातून दोनदा? आठ-आठ?”

“हो. तुम्हाला कसं—”

“शेवटची कधी?”

“शनिवारी रात्री आठ.”

“आठ म्हणजे आठच, की साडेआठ?”

“आठच,” तो म्हणाला. दोन दिवसांत ठामपणे बोलता येईल असं हे पहिलंच वाक्य होतं.

“तिला साडेदहाच्या सुमारास झटका येऊन गेला. पालिकेचे डॉक्टर वाट बघतायत. बसा.”

दुकानाला कुलूप न लावता तो गाडीत बसला. तीन दिवसांत त्याने उघडं सोडलेलं हे दुसरं दार होतं, पहिलं फाटकाचं. मागे, जाड घोंगडीवर, बिजागरी कुशीवर पडली होती. पोट वर-खाली होत होतं. त्याने हाक मारली तर तिचा दुमडलेला कान हलला. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दवाखाना येईपर्यंत काढला नाही. पुढे बसलेली बाई गाडी हळू, पण न थांबता चालवत होती. वळणावर ती दर वेळी “वळण” म्हणायची, म्हणजे मागे हात घट्ट धरायला. त्याने मान हलवली. तिला ती आरशात दिसली असावी.

पालिकेच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते आणि कमी बोलायचे. त्यांनी इंजेक्शन दिलं, पट्टीवरचं नाव उतरवून घेतलं, वजन विचारलं. कुलूपवाला आणि कुत्रेबाई यांनी एकदम सांगितलं, “अठरा किलो.” डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं.

“पिंजऱ्यात घ्यायच्या आधी वजन करते मी,” ती म्हणाली.

“मी दर महिन्याला,” तो म्हणाला.

बायको साडेबाराला टपाल कचेरीतून थेट आली, पिशवी खांद्यालाच. तिने कुत्रीला पाहिलं, मग नवऱ्याला, आणि मग त्या बाईकडे जाऊन तिचे दोन्ही हात धरले. “ताई,” एवढंच म्हणाली. “पाणी प्या आधी,” ताई म्हणाली. “तुमच्या घरात सगळेच उपाशी फिरतात वाटतं.”

बिजागरी संध्याकाळी पाचला उठली, चार पावलं चालली आणि टेबलाच्या पायावर डोकं आपटून थांबली. मागे सरकली. पुन्हा त्याच पायावर आपटली. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांवर बॅटरी मारली, डोळ्यांपुढून हात फिरवला. पापणी हलली नाही.

“झटक्यानंतर असं होतं,” ते म्हणाले. “कुणाला काही तास दिसत नाही, कुणाला काही दिवस. बहुतेकदा परत येतं.”

“बहुतेकदा म्हणजे?” बायकोने विचारलं.

“म्हणजे नेहमी नाही.”

ती रात्र बिजागरीने दवाखान्यातच काढली. आठची गोळी डॉक्टरांनी दिली. ती ग्लानीतच होती, जबडा हाताने उघडावा लागला.

मंगळवारी दुपारी तिला घरी न्यायच्या आधी कुलूपवाला कुत्र्यांच्या आवारात गेला. कागदावर सही करायची होती. जाताना तो मनाशी वाक्यं जुळवत होता. आठ महिन्यांपूर्वी जे बोललो त्याची माफी, मग आभार, मग पुन्हा माफी, की आधी आभार, हे ठरेना.

आवार त्याने डोळ्यांसमोर आणलं होतं तसं नव्हतं. पत्र्याचं छप्पर, फरशी नुकतीच धुतलेली, दोन्ही बाजूंना सहा-सहा पिंजरे. प्रत्येकात पाण्याचं भांडं आणि घडी घातलेलं पोतं. प्रत्येक पिंजऱ्याला एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड अडकवलेलं. टोकाला एक लोखंडी कपाट. बाई एका म्हाताऱ्या पांढऱ्या कुत्र्याचे कान साफ करत होती.

“तुमच्या कुत्रीचं कार्ड पाच नंबरला आहे,” ती मान वर न करता म्हणाली. “खाली सही करा. वाचून करा.”

त्याने चष्मा लावला.

*रवि. स. ९.१०. कालव्याच्या पुलाखाली. एकटी. बिल्ला ४१७, पत्ता नाही. चिप नाही. मान, खांदे, पुढचे दोन्ही पाय, तीनदा तपासलं.*

*अंग स्वच्छ. नखं कापलेली. दातांवर थर नाही. सोडून दिलेली नाही. हरवलेली आहे.*

*रवि. दु. ४१७ नंबरची घरं पाहिली : तीन. तिन्ही ठिकाणी कुत्रं नाही. एके ठिकाणी मांजर, चिडलेलं.*

*रवि. रा. ८.००. पिंजरा धुवायला बाहेर काढली. औषधांच्या कपाटापुढे जाऊन बसली, मान वर केली, तोंड उघडलं. मिनिटभर तशीच.*

*सोम. स. ८.००. पुन्हा तसंच. हिला औषध चालू आहे. घरात कुणीतरी घड्याळाचं पक्कं आहे. ते माणूस हिला शोधत असणार. शुक्रवारच्या गाडीने मोठ्या निवाऱ्यात पाठवायची नाही.*

*सोम. ८.४० ते १०.१०. चार डॉक्टरांना फोन. तिघांकडे अशी कुत्री नाही. चौथ्यांचा दवाखाना सोमवारी बंद.*

*सोम. १०.२५. झटका. २ मि. ४० से. डोकं मांडीवर घेतलं. फोन दोनदा वाजला, उचलता आला नाही.*

कुलूपवाला या ओळीवर थांबला. त्याने खिशातून स्वतःचा फोन काढला आणि सोमवारच्या नोंदी उघडल्या. दहा सव्वीस. दहा सत्तावीस. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि तीच ओळ पुन्हा वाचली. ‘सरकारी फोन,’ असं तो म्हणाला होता. त्या वेळी फोन उचलणारं माणूस फरशीवर बसून त्याच्याच कुत्रीचं डोकं सांभाळत घड्याळ बघत होतं.

“तो मी होतो,” तो म्हणाला.

“कोण?”

“फोन. दोन्ही.”

ती पांढऱ्या कुत्र्याचा दुसरा कान पकडत म्हणाली, “मग लवकर केला असता तर बरं झालं असतं. रविवारी संध्याकाळभर बसले होते फोनशेजारी.”

यात राग नव्हता. तो असता तर कुलूपवाल्याला सोपं गेलं असतं.

“पण दुकान कसं ओळखलंत?”

तिने कमरेचा जुडगा सोडला आणि त्यातली एक किल्ली वेगळी करून त्याच्या हातावर ठेवली. ५७६. त्याने ठोकलेली. “डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, कपाटातून हे इंजेक्शन काढून घेऊन या. एका हाताने तुमची कुत्री धरलेली, दुसऱ्या हातात ही किल्ली. बिल्ला आणि किल्ली शेजारी-शेजारी आले. सात बघा.”

त्याला बघायची गरज नव्हती. सातचा आकडा उमटवणाऱ्या पंचाचा एक टवका सहा वर्षांपूर्वी उडाला होता. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक साताची शेपटी अर्धवट उमटायची. पण बिजागरीचा बिल्ला तर नऊ वर्षांपूर्वीचा. मग त्याला आठवलं : पहिला बिल्ला घासून गुळगुळीत झाला म्हणून चार वर्षांपूर्वी, गोळी सुरू झाली त्याच महिन्यात, त्याने नवा केला होता. नवा करताना मागची बाजू समोर होती, कोरी, आणि हातोडी हातात होती.

“आठ महिने मी रोज दोनदा ही किल्ली फिरवतेय,” ती म्हणाली. “नंबर कधी वाचला नव्हता. चूक एकट्या तुमची नाही.”

“माझीच,” तो म्हणाला. मग जुळवून आणलेली सगळी वाक्यं एकमेकांत गुंतली. “त्या दिवशी दुकानात मी जे बोललो… ते खोलीचं… मॅडम, मी…”

“ते मी विसरले नाहीये,” ती म्हणाली. “पण तुम्ही त्याच दिवशी किल्ली अशी घासून दिलीत की एकदाही अडकली नाही. काल अडकली असती तर इंजेक्शन काढायला उशीर झाला असता. कापूस द्या जरा तो.”

त्याने कापूस दिला. तो जायचं नाव घेईना.

“तुम्हाला काही द्यावंसं वाटतं,” तो शेवटी म्हणाला.

“घेता येत नाही. नियम आहे.”

त्याने आजूबाजूला पाहिलं. चाळीस वर्षांच्या सवयीने नजर पिंजऱ्यांच्या कड्यांवरून फिरली. एक, दोन, आणि तिसऱ्या पिंजऱ्यावर अडकली. तिसऱ्या पिंजऱ्याची कडी तुटलेली होती. तिच्या जागी सुतळी बांधलेली.

“ही कधीपासून?”

“तीन महिने. अर्ज दिलाय.”

कुलूपवाला हसला. शनिवारनंतर पहिल्यांदाच, आणि इतक्या जोरात की पांढरं कुत्रं भुंकलं. बाईला कारण कळेना. त्याने फाटकाचं सांगितलं, विटेचं सांगितलं, कड्यांच्या पुडक्याचंही सांगितलं. तिने कान साफ करायचं थांबवून सगळं ऐकलं.

“दोन डझन कड्या,” ती म्हणाली, “आणि सुतळी फाटकाची.”

“हो.”

“हे कार्डावर लिहायला हवं होतं मी.”

तो दुकानात जाऊन कडी, चार स्क्रू आणि तेलाची बाटली घेऊन आला. तिसऱ्या पिंजऱ्याला कडी बसवली, मग बाकीच्या अकरांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. “हे देणं नाही,” त्याने आधीच सांगून टाकलं, “दुरुस्ती आहे. अर्ज तुम्ही दिलाच आहे.” तिने यावर बराच विचार केला आणि नियम मोडत नाही असं ठरवलं. निघताना तिने एक कागद त्याच्या हातात दिला : नोंदणीचा अर्ज, चिपची तारीख. त्याने तिथेच, पिंजऱ्यावर कागद ठेवून, भरला. पत्त्याची ओळ सगळ्यात आधी.

मंगळवारी संध्याकाळी फाटकाची कडी वाजली तशी शिंपीण कुंपणाशी आली. बिजागरीला कुलूपवाला कडेवर घेऊन येत होता, अठरा किलो, धापा टाकत. “भाऊजी,” ती म्हणाली, “त्या कुत्रेबाईला माझ्याकडून सांगा…” आणि पुढे काय सांगायचं ते तिला ठरवता येईना. मग म्हणाली, “तिचं ते जाकीट कोपराला फाटलंय. मी बघितलंय. आणायला सांगा.”

“घेता येत नाही तिला.”

“दुरुस्ती आहे ती,” शिंपीण म्हणाली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

बुधवारी पहाटेच उठून कुलूपवाल्याने नवा बिल्ला कापला. पंच ओळीने मांडले. पहिला आकडा धरला आणि हातोडी वर नेली, तेव्हा हात थांबला. वस्ताद जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी मागे उभे असल्यासारखं वाटलं. मग त्याने फोन नंबर ठोकला, दहाही आकडे. उलटून दुसऱ्या बाजूला घराचा पत्ता कोरला आणि त्याखाली : गोळी चालू, ८ व ८. जागा उरली नाही. सात दोनदा आला होता, दोन्ही अर्धवट शेपटीचे. पंच बदलायचा त्याचा विचार नव्हता. बायकोने बिल्ला हातात घेऊन पत्ता तपासला, मग उलटून पुन्हा तपासला. “पोचेल,” ती म्हणाली.

बिजागरी उंबऱ्यात पडली होती. सात अठ्ठावन्नला ती उठली. भिंतीला अंग घासत, एकदा खुर्चीला अडखळत, ती फडताळापर्यंत गेली आणि बसली. बरोबर आठ वाजता तिने मान वर केली आणि तोंड उघडलं. कुलूपवाल्याने गोळी जिभेच्या मुळाशी ठेवली, जबडा मिटला, गळ्यावरून दोन बोटं फिरवली. तिने गोळी गिळली.

मग त्याने तिच्या डोळ्यांपुढून हात फिरवला. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. पापणी हलली नाही. दुमडलेला कान मात्र हाताच्या दिशेने वळला.

आवारातून नऊ वाजता बाईचा फोन आला. त्याने पहिल्या घंटेला उचलला. आठ वाजता काय झालं ते कार्डावर लिहायचं होतं; त्याने जसं घडलं तसं सांगितलं आणि पलीकडे पेनाचा आवाज ऐकू आला. डॉक्टरांनी डोळे तपासण्यासाठी शुक्रवारी सकाळी साडेदहाला परत आणायला सांगितलं आहे.